जुना ब्लॉग बंद करू का?

स. न. वि. वि.

मी लालबागला राहते. महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. २००९ पासून ब्लॉगस्पॉटवर गिरणगावाबद्दल लिहिते. वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात होते, आई घरात खानावळ चालवायची, त्यामुळे सांगण्यासारखं पुष्कळ होतं आणि अजूनही आहे. तीनशेच्या वर लेख झाले. सुरुवातीला एकेका लेखाला पंधरा-वीस प्रतिक्रिया यायच्या. कुणी कोकणातून लिहायचं, कुणी अमेरिकेतून. आता महिनोन्महिने एकही येत नाही.

भाचा म्हणतो, "मावशी, ब्लॉग कोण वाचतं आता? इन्स्टावर रील टाक." मुलगी म्हणते, लेख ईमेलने पाठवणारं सबस्टॅक कर. ओळखीतला एक वेबसाइटवाला वर्डप्रेसवर चाळीस हजारांत नवी साइट करून देतो म्हणतोय, वर दरवर्षी दहा हजार. पेन्शनमधून काढता येतील, पण काढावेत का?

गेल्या महिन्यात माझाच गणपतीवरचा लेख सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला, खाली भलत्याचंच नाव. तेव्हापासून मन उडालंय. सगळं पुसून टाकावं असं वाटतं.

ता. क. जुन्या लेखांत माहितीच्या काही चुका राहिल्यात. त्या दुरुस्त कराव्यात, की तसंच ठेवावं?

– एक वाचक, लालबाग

ताई,

ब्लॉग पुसू नका. वेबसाइटवाल्याला तूर्तास "नको" म्हणून सांगा. आता का, ते सविस्तर सांगते.

तुम्ही पाठवलेल्या पत्त्यावर जाऊन बरेच लेख वाचले. आईच्या खानावळीवरचा लेख दोनदा वाचला. १९८२ चा गिरण्यांचा संप लांबला तेव्हा आईने जेवायला येणाऱ्या गड्यांकडे पैसे मागणं बंद केलं आणि उधारीची वही फळीवर ठेवून दिली, असं तुम्ही त्यात लिहिलंय. लेख चांगला आहेच, पण खाली संगमेश्वरकडच्या एका गृहस्थांची प्रतिक्रिया आहे. त्यांचे वडील त्याच खानावळीत जेवायचे. संपात गावी गेले ते परत मुंबईला आलेच नाहीत, आणि "मावशींचे पैसे राहिले" हे शेवटपर्यंत बोलून दाखवायचे. त्याखाली तुमचं उत्तर आहे, मग आणखी कुणी त्या चाळीचा मजला आणि खोली विचारलीय. फळीवरच्या वहीची एक बाजू तुमच्याकडे होती, दुसरी त्या माणसाकडे. तुम्ही लिहिलंत म्हणून ती बाहेर आली. ब्लॉग पुसलात की ही दुसरी बाजूही जाईल, आणि ती एकट्या तुमची नाही.

प्रतिक्रिया का आटल्या, याचं उत्तर तुमच्या लेखणीत शोधू नका. २००९ मध्ये लोक ब्लॉग वाचायचे ते गूगल रीडरसारख्या वाचकयंत्रातून. तुमच्यासारखे पन्नास ब्लॉग एकदा जोडून ठेवले की कुणीही नवा लेख टाकला तरी तो आपसूक समोर यायचा. यामागे आरएसएस नावाची साधी सोय होती, ती आजही तुमच्या ब्लॉगला आहे. पण गूगलने १ जुलै २०१३ ला रीडर बंद केलं आणि बहुतेक वाचकांनी दुसरं यंत्र शोधलंच नाही. नवा लेख ईमेलने पाठवणारी फीडबर्नरची सोय २०२१ मध्ये गेली. मराठी ब्लॉग एकत्र दाखवणाऱ्या साइट्सही एकेक करून थंडावल्या. तुमच्या पानाच्या उजव्या बाजूला 'माझे आवडते ब्लॉग' अशी यादी आहे. ती एकदा उघडून बघा. बरेच दुवे मेलेले आहेत, आणि जे जिवंत आहेत त्यांचा शेवटचा लेख कित्येक वर्षांपूर्वीचा. तेव्हा आपण एकमेकांच्या यादीतून एकमेकांकडे जायचो. ते येणं-जाणं फेसबुकवर गेलं, तिथून व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये गेलं. बोलणारे तिकडे बोलतात आणि तुमच्या पानाखालची जागा रिकामी राहते.

वाचणारे मात्र अजून येतात. तुमचा ब्लॉगस्पॉटवरचा ब्लॉग ज्या ब्लॉगर सेवेवर चालतो, तिच्या डॅशबोर्डवर आकडेवारी असते. ती पाहा, पण तिच्यावर फार विसंबू नका, कारण त्यात यंत्रांच्या भेटीही मिसळलेल्या असतात. त्यापेक्षा गूगलचं सर्च कन्सोल तुमच्या ब्लॉगला जोडून घ्या. ते फुकट आहे. कुणी काय शोधलं आणि तुमचं पान समोर आलं, हे त्यात शब्दांसकट दिसतं. महिनाभर थांबून ती यादी वाचा. कुणी आजोबांच्या गिरणीचं नाव घालून शोधत असेल, कुणी एखाद्या भजनी मंडळाचं. नुसतं 'फिनिक्स लोअर परळ' शोधलं तर मॉल सापडतो, 'कमला मिल' शोधलं तर ऑफिसं आणि हॉटेलं. तिथे कापड विणलं जायचं, भोंगा झाला की रस्ता माणसांनी भरायचा, बदली कामगार सकाळी फाटकाशी उभे राहायचे, हे ज्यांनी पाहिलं त्यांनी लिहिलं असेल तरच सापडणार. आता गूगल दुव्यांच्या वर यंत्राने केलेला सारांशही दाखवतं, त्यामुळे खाली उतरून मूळ पान उघडणारे आणखी कमी झाले असतील. पण तो सारांशही कुणीतरी आधी लिहिलेल्यावरच उभा असतो. तुमच्या आईच्या वहीबद्दल दुसऱ्या कुणी लिहिलेलं नाही.

आता सॉफ्टवेअरचं. भाचा, मुलगी आणि वेबसाइटवाला तिघेही तुम्हाला "कुठे जायचं" ते सांगतायत. माझ्या मते तो नंतरचा प्रश्न आहे. आधीचे दोन प्रश्न असे, की तुमच्या लेखनाची पूर्ण प्रत तुमच्या हातात आहे का, आणि लेखांचा पत्ता तुमच्या मालकीचा आहे का? दोन्हींचं उत्तर आज "नाही" आहे. ते "हो" झालं की सॉफ्टवेअर कधीही बदलता येतं.

हे इतकं ठासून सांगण्याचं कारण या साधनांच्या इतिहासातच आहे. तुमचं ब्लॉगर १९९९ मध्ये पायरा लॅब्ज नावाच्या छोट्या कंपनीने काढलं, २००३ मध्ये गूगलने ती कंपनीच घेतली. त्याच वर्षी २७ मे रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. ते बी-टू नावाच्या, मूळ कर्त्याने सोडून दिलेल्या सॉफ्टवेअरवरून मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी पुढे नेलं होतं. तेव्हा मूव्हेबल टाइप या ब्लॉगच्या सॉफ्टवेअरचा बोलबाला होता. २००४ मध्ये त्याच्या कंपनीने परवान्याच्या अटी आणि दर बदलले, आणि चिडलेले लेखक मोठ्या संख्येने वर्डप्रेसकडे वळले. याहूच्या जिओसिटीजवर लाखो लोकांची पानं होती, ती २००९ मध्ये बंद झाली. पोस्टरस नावाचं ब्लॉगचं साधन २०१२ मध्ये ट्विटरने घेतलं आणि पुढच्याच वर्षी मिटवलं. टाइपपॅड हे तसंच दुसरं साधन दोन दशकं चाललं आणि ३० सप्टेंबर २०२५ ला बंद झालं. दरवेळी ज्यांच्याकडे स्वतःची प्रत होती ते दुसरीकडे जाऊन लिहू लागले. ब्लॉगर उद्या बंद होणार आहे असं मी म्हणत नाही, तसं काही जाहीर झालेलं नाही. पण तीनशे लेख एकाच कंपनीच्या भरवशावर ठेवणं बरोबर नाही, मग ती कंपनी कितीही मोठी असो.

म्हणून पहिलं काम बॅकअपचं. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये 'मॅनेज ब्लॉग' हा भाग आहे, तिथे बॅकअपची सोय आहे. गूगल टेकआउट या, आपली माहिती उतरवून घेण्याच्या सोयीतूनही तो घेता येतो. जी फाइल उतरते तिच्यात सगळे लेख आणि प्रतिक्रिया असतात. फोटो मात्र त्या फाइलमध्ये नसतात, त्यांचे फक्त दुवे असतात आणि खरे फोटो गूगलच्याच सर्व्हरवर राहतात. हे पुष्कळांना माहीत नसतं. तुमच्या ब्लॉगवर वडिलांचा गिरणीचा पास आहे, चाळीच्या गणपतीपुढे बसलेल्या बायकांचा फोटो आहे. ते मूळ फोटो घरात कुठे आहेत ते शोधा. नसतील तर ब्लॉगवरून एकेक करून पूर्ण आकारात उतरवून घ्या, आणि फाइलला नाव देताना वर्ष आणि जागा घाला. सगळ्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा, दुसरी मुलीच्या संगणकावर. गूगल ड्राइव्हवर ठेवलेली प्रत दुसरी प्रत म्हणून धरू नका, ती त्याच खात्यात असते. दर दिवाळीला नवा बॅकअप घ्यायचा असं ठरवून टाकलंत तर विसरायला होणार नाही.

दुसरं काम पत्त्याचं. स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःच्या नावाचा पत्ता घ्या. डॉट इनचं डोमेन वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर पडतं आणि एकदम दहा वर्षांपर्यंत नोंदवता येतं. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं आणि मला ते मनापासून आवडतं. पण काही ॲप्स आणि फॉर्म अजून त्याच्यावर अडखळतात, म्हणून मुख्य पत्ता रोमन लिपीतला घ्या. हे डोमेन ब्लॉगरला जोडायला गूगल पैसे घेत नाही. सेटिंग्जमध्ये ते नाव टाकायचं आणि ब्लॉगर सांगेल त्या दोन नोंदी डोमेन जिथे घेतलं तिथे भरायच्या, इतकंच. भाच्याला एका संध्याकाळी बोलवा, त्याच्या हातून होईल. जुना ब्लॉगस्पॉटचा पत्ता कुणी उघडला तरी तो आपोआप नव्या पत्त्यावर जातो, त्यामुळे आधीचे दुवे तुटत नाहीत. उद्या वर्डप्रेसवर जायचं झालं तरी तेच डोमेन तिकडे वळवता येईल आणि वाचकाला काही कळणारही नाही.

हे डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाइल नंबरवरच नोंदवा. वेबसाइट करून देणारे बऱ्याचदा स्वतःच्याच खात्यातून डोमेन घेतात. पुढे त्यांच्याशी बिनसलं किंवा त्यांनी धंदा सोडला की पत्ता अडकतो. तुमच्या ओळखीच्या माणसाला एकच गोष्ट विचारा, "डोमेन आणि होस्टिंग, म्हणजे साइटची भाड्याची जागा, माझ्या नावावर असेल ना?" उत्तर देताना तो घुटमळला तर समजून घ्या.

वर्डप्रेसबद्दलही सांगायला हवं, कारण ते नाव दोन वेगळ्या गोष्टींना आहे. वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर कुणालाही फुकट मिळतं. जागा भाड्याने घेऊन ते स्वतः बसवता येतं, किंवा वर्डप्रेस डॉट कॉमवर खातं उघडून त्यांच्या जागेत लिहिता येतं. चाळीस हजार मागणारा पहिल्या प्रकाराबद्दल बोलतोय. त्यात मोकळीक पुष्कळ आहे, पण सॉफ्टवेअर आणि त्याला जोडलेली छोटी प्लगइन सतत अद्ययावत करावी लागतात. दुर्लक्ष झालं की कुणीतरी आत शिरून तुमच्या पानावर जुगाराच्या जाहिराती चिकटवतो. ही देखभाल तुम्ही करणार नाही, म्हणजे दहा हजारांचं वर्षासन सुरू. तुम्हाला लिहायचं आहे, प्रतिक्रियांना उत्तर द्यायचं आहे, फोटो लावायचे आहेत. त्यासाठी ब्लॉगर पुरेसं आहे. दिसायला जुनाट वाटतं हे खरं. साधी थीम निवडा आणि मराठीसाठी मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी असा फाँट लावा. मुक्त हा तर आपल्या मुंबईतल्याच एक टाइप या मंडळींनी केलेला आहे. अक्षर थोडं मोठं ठेवा, तुमचा बराच वाचकवर्ग साठीपुढचा आहे.

कधी वर्डप्रेसकडे गेलातच, तर लेखांच्या पत्त्यांकडे लक्ष द्या. मराठी शीर्षकावरून वर्डप्रेस जो पत्ता बनवतं त्यात आपल्या एकेका अक्षराची आणि मात्रेची नऊ-नऊ चिन्हं होतात आणि मर्यादा दोनशेची आहे. त्यामुळे बाविसाव्या अक्षरापुढचं शीर्षक पत्त्यातून गळून जातं. ब्लॉगरचं उलटं. त्याला देवनागरी शीर्षक पत्त्यात घेताच येत नाही, म्हणून तुमच्या बहुतेक लेखांच्या पत्त्यात नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे एखादा आकडा आहे. जुने पत्ते आता बदलू नका, नाहीतर लोकांनी जपून ठेवलेले दुवे मोडतील. नवा लेख प्रसिद्ध करण्याआधी मात्र उजवीकडे पर्मालिंकमध्ये, म्हणजे लेखाच्या पत्त्याच्या जागी, रोमन लिपीत दोन-तीन शब्द टाका, म्हणजे व्हॉट्सॲपवर दुवा पाठवला की तो कशाबद्दल आहे हे पाहणाऱ्याला कळेल.

दुव्यांचाच आणखी एक खोल बिघाड तुमच्या ब्लॉगवर आहे आणि तो तुमच्या लक्षात आला नसावा. २०१२ मध्ये गूगलने भारतातल्या वाचकांना ब्लॉगस्पॉट डॉट कॉमऐवजी ब्लॉगस्पॉट डॉट इनवर न्यायला सुरुवात केली. त्या काळात तुम्ही स्वतःच्याच जुन्या लेखांचे दुवे कॉपी करून नव्या लेखांत दिलेत, त्या सगळ्यांत ब्लॉगस्पॉटच्या पुढे डॉट इन आहे. पुढे गूगलने ही पद्धत सोडली, आणि २०२० मध्ये ते डॉट इनचं नावच त्यांच्या हातून गेलं. म्हणून तुमच्या लेखातल्या "मागे लिहिलं होतं" वर बोट ठेवलं की आज भलतीकडे जायला होतं. ते दुवे शोधून डॉट इनच्या जागी डॉट कॉम करा. काम किचकट आहे, पण रोज चार-पाच लेख हातावेगळे केलेत तर संपेल.

आणि अक्षरांचं. सुरुवातीचे काही लेख तुम्ही टायपिस्टकडून जुन्या फाँटमध्ये करून घेऊन चित्र म्हणून चिकटवलेत. चित्रातला मजकूर कुणाच्या शोधात येत नाही, आणि दृष्टी अधू असलेल्यांच्या फोनला तो वाचूनही दाखवता येत नाही. ते चित्र गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा, बराचसा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे शोधता येणाऱ्या अक्षरांत, सुटून येईल. मग तो मूळ चित्राशी ताडून पाहा. 'दऱ्या', 'पायऱ्या' अशा शब्दांत आणि जोडाक्षरांत चुका होतात. किंवा सरळ फोनच्या मराठी कीबोर्डवर बोलून टाइप करा. वर्गात इतकी वर्षं बोललेला आवाज आहे, फोनला छान कळेल. 'ॲ' हे अखंड अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं आणि कीबोर्डांवर रुळायला त्याला आणखी वर्षं लागली. तुमच्या जुन्या लेखांत कुठे ते दोन तुकडे जोडून केलंय, कुठे 'ऍ' वापरलंय. डोळ्यांना सारखंच दिसतं, शोधणाऱ्या यंत्राला ते वेगळं वाटू शकतं. सगळे शब्द बदलत बसू नका, निदान शीर्षकं तेवढी सुधारा.

भाच्याचा रीलचा सल्ला मला पूर्ण टाकाऊ वाटत नाही. लेख ब्लॉगवरच राहू द्या, त्याची खबर बाहेर द्या. तुम्ही त्या चाळीच्या जिन्यात उभं राहून मिनिटभर बोललात आणि भाच्याने ते टाकलं, तर गिरणगावातली तरुण मुलं बघतील. फक्त रीलखालच्या मजकुरात दिलेला दुवा दाबता येत नाही, तो प्रोफाइलमध्ये द्यावा लागतो. आणि आज टाकलेलं रील पाच वर्षांनी कुणाला शोधून सापडेल, अशी आशा धरू नका. तुमच्या वाचकांसाठी मी आधी व्हॉट्सॲप चॅनेल काढेन. नवा लेख आला की दोन ओळी आणि दुवा. त्यात वाचकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत आणि सकाळच्या सुप्रभाताच्या चित्रांची गर्दीही होत नाही.

सबस्टॅक चांगलं आहे. २०१७ मध्ये सुरू झालं, लेख थेट वाचकाच्या ईमेलमध्ये जातो आणि वाचकांची यादी कधीही उतरवून घेता येते, हा मोठा गुण. पण गावाकडे परतलेले कामगार आणि त्यांची मुलं ईमेल उघडतात का? परदेशातल्या वाचकांसाठी मुलीला ते सुरू करायचं असेल तर करू द्या, महिन्याला एक पत्र पुरे.

गणपतीच्या लेखाची चीड मला पूर्ण कळते. आपल्या घरातली गोष्ट दुसऱ्याच्या नावाने फिरताना बघणं फार लागतं. लेख लिहिला त्या क्षणापासून १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने त्याचा हक्क तुमचा आहे. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि तो हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. तुमच्या ब्लॉगवर लेखाची तारीख आहे, हा तुमच्या बाजूचा पुरावा. पुसून टाकलात तर पुरावाच जाईल. त्याच ग्रुपवर मूळ लेखाचा दुवा टाका आणि "हा लेख माझा आहे, अमुक तारखेचा" एवढंच लिहा. भांडू नका, पण गप्पही बसू नका. सोसायटीतली माणसं आहेत, त्यांना कळलं पाहिजे की लेखिका आपल्याच इमारतीत राहते. एखाद्या साइटने लेख उचलला असेल तर गूगलकडे तक्रारीचा फॉर्म आहे, तो भरता येतो. पुढच्या लेखांत नाव नुसतं खाली ठेवू नका, कारण तेच आधी कापलं जातं. मजकुराच्या मध्येच वडिलांचा, गिरणीचा, तुमच्या शाळेचा उल्लेख असा गुंफा की तो काढला तर वाक्यच मोडेल.

एक अवघड गोष्टही बोलून घेते. दोन वर्षं लॉगिन न झालेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचं धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलं. तुमचं आजारपण लांबलं, किंवा तुम्ही नसलात, तर हा ब्लॉग कोण पाहणार? गूगलच्या खात्यात 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' ही सोय आहे. त्यात दहापर्यंत माणसांची नावं देता येतात. ठरावीक काळ तुमची हालचाल दिसली नाही की त्यांना कळवलं जातं आणि तुम्ही मुभा दिलेली माहिती त्यांना मिळते. मुलीचं नाव आजच घाला. त्याशिवाय तिला ब्लॉगर सेटिंग्जमधून ब्लॉगची ॲडमिनही करून ठेवा. डोमेनचं नूतनीकरण कुठून करायचं हे तिला दाखवा, कारण डोमेन जोडल्यावर त्याचे पैसे भरायचे राहिले तर जुना पत्ताही बंद डोमेनकडेच पाठवत राहतो. स्वतःच्या पत्त्याची ही एक किंमत आहे आणि ती माहीत असूनच तो घ्यावा.

आणि निवडक चाळीस-पन्नास लेखांचं छोटं पुस्तक करा. ज्या पैशांत ती वेबसाइट होणार होती त्यांत थोड्या प्रती निघतील. आपल्याकडे १९५४ चा कायदा आहे, त्यानुसार प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना द्याव्या लागतात. त्यातलं एक आपल्याच टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय. ब्लॉगला असं कुठलंच दप्तर नाही. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर 'सेव्ह पेज नाऊ' मध्ये पत्ता टाकून पान जपता येतं, तेही करा. किमान खानावळीचा लेख आणि त्याखालच्या प्रतिक्रिया तरी आधी.

लेखन थांबवू नका असं मी सांगते त्यामागे घाई आहे. संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. तेव्हा पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीला टेकलाय, आणि त्यावेळचे जॉबर, मुकादम फारसे उरले नसतील. तुमच्या प्रतिक्रियांत ज्यांनी गावाचं नाव दिलंय त्यांना उत्तर लिहा, फोनवर बोलता येईल का ते विचारा. नव्या लेखाच्या शेवटी एक नेमका प्रश्न ठेवा. "तुम्हाला काय वाटतं?" असा मोघम नको. "तुमच्या घरातलं कोण कुठल्या खात्यात होतं? जेवायला कुठे जायचे?" असा. तोच प्रश्न चॅनेलवर टाका. उत्तरं व्हॉट्सॲपवर येतील, ती त्यांच्या परवानगीने लेखाखाली नेऊन चिकटवा.

ता. क. बद्दल. शुद्धलेखनाच्या आणि टायपिंगच्या चुका बिनधास्त दुरुस्त करा, सांगायची गरज नाही. माहितीची चूक असेल तर जुनं वाक्य राहू द्या आणि त्याखाली तारीख घालून दुरुस्ती लिहा, कारण कुणीतरी ते वाक्य आधीच कुठेतरी उतरवून घेतलेलं असेल. चूक वाचकाने दाखवली असेल तर त्याने प्रतिक्रियेत जे नाव दिलंय त्या नावानिशी तसं नोंदवा. गिरणीचं नाव किंवा वर्ष चुकलं असेल, तर शीर्षकाखालीच "दुरुस्ती खाली पाहा" अशी एक ओळ टाका. पुष्कळ जण फोनवर पहिला परिच्छेद वाचून पुढे जातात.